दानासाठी अनुदान

जगात अशा काही वस्तू आहेत, की ज्या दुसऱ्याला दिल्यानं आपल्याजवळच्या तसूभरही कमी होत नाहीत; आणि नेमक्या त्याच द्यायला माणसाच्या जिवावर येतं. पैसे उसने देणारी माणसं मी पाहिली आहेत. ऐन आषाढात छत्री देणारी आणि नंतर महिनाभर भिजत फिरणारी माणसंही पाहिली आहेत. पण लोणच्याची कृती संपूर्ण सांगणारी बाई मला अजून भेटायची आहे. कृती सांगतात, अगदी हसतमुखानं सांगतात. कैऱ्या किती, मीठ किती, तेल कोमट की गार, सगळं सांगतात. आपण घरी येऊन तसंच्या तसं करतो आणि लोणचं काही 'तसं' होत नाही. कारण एक जिन्नस सांगायचा राहिलेला असतो. तो विसरलेला नसतो, राखलेला असतो.

पुरुषांनी यावर हसू नये. कचेरीत कोणत्या टेबलापाशी उभं राहिलं की कागद हलतो, ही माहिती पुरुष सख्ख्या मेहुण्यालाही सांगत नाही. सांगितल्यानं ते टेबल काही झिजणार नसतं. पण आपल्याला ठाऊक आहे आणि त्याला नाही, या जाणिवेत जी ऊब आहे, ती झिजते. विद्या दिल्यानं वाढते असं आपण शाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवलं आहे ते यासाठीच असावं. जे सगळे करतातच, ते भिंतीवर लिहावं लागत नाही. 'रोज जेवावे' असा सुविचार मी कुठल्याही शाळेत वाचलेला नाही.

आमच्या शहापूर-मुरबाडकडे तर या राखून ठेवण्याला शास्त्राचा आधार आहे. इथे सह्याद्रीच्या पायथ्याला ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्या वाड्या आहेत आणि बहुतेक वाडीवर झाडपाल्याचं औषध देणारं एखादं जुनं माणूस असतं. औषध देतात, पुष्कळदा पैसेही घेत नाहीत. पण पाला कुठला म्हणून विचारलंत की संवाद संपला. "नाव सांगितलं की गुण जातो." आता यावर वाद घालणार कसा? वनस्पतीशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात असा नियम नाही. पण विद्यापीठांतल्या कपाटांकडे पाहिलं की वाटतं, तो तिथंही पाळला जात असावा.

विद्यापीठांतल्या कपाटांची ही बातमी मला माझ्या भाच्याकडून कळली. तो मुरबाडच्या माझ्या बहिणीचा मुलगा. वनस्पतीशास्त्रात पीएच.डी. करतो आहे. गेली तीन वर्षं माहुलीपासून सिद्धगडापर्यंतच्या वाड्या पालथ्या घालून कोण कुठल्या झाडाचं काय करतं, हे तो लिहून घेतो. जे लिहितो त्याला तो डेटा म्हणतो. सरकारी कागद त्यालाच विदा म्हणतात. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, कुणाला तरी निरोप द्यायचा आहे. साधं 'आकडे' म्हणावं, तर आमच्या भागात आकडा हा शब्द जपून वापरावा लागतो. एक मटक्याचा असतो आणि दुसरा विजेच्या तारेवर टाकायचा. मी आपला 'माहिती' म्हणतो.

तर परवा हा भाचा एक अर्ज घेऊन आला. म्हणाला, "मामा, जरा मराठी मजकूर बघून दे. अनुदानाचा अर्ज आहे."

"कशासाठी अनुदान?"

"जमवलेला डेटा सगळ्यांना खुला करण्यासाठी."

"म्हणजे माहिती जमवायला पैसे मिळाले होते ना?"

"ते मिळाले. आता ती वाटायला पाहिजेत."

मी चष्मा काढून पुसला. माहिती जमवायला सरकारनं पैसे दिले, म्हणजे तुम्ही-आम्ही दिले. ती या पठ्ठ्यानं वहीत ठेवली. आता ती वहीतून बाहेर काढायला पुन्हा पैसे. आमच्या गावात विहीर खणायला एकदा आणि तिचं झाकण काढायला पुन्हा असं बिल लावलं, तर ग्रामसभेत खुर्च्या उडतील.

भाच्यानं मग मला जगाची स्थिती समजावून दिली. गेली काही वर्षं साऱ्या दुनियेत हेच चाललं आहे म्हणे. १९९६ साली बर्म्युडा बेटावर मानवी जनुकांचा नकाशा काढणारे शास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी ठरवलं, की जे वाचून होईल ते चोवीस तासांच्या आत सगळ्यांसाठी खुलं करायचं. चोवीस तास! आमच्याकडे लग्नाचे फोटोसुद्धा इतक्या लवकर येत नाहीत. आपल्याकडे २०१२ मध्ये केंद्र सरकारनं धोरण काढलं, की सार्वजनिक पैशातून जमवलेली माहिती लोकांना मिळाली पाहिजे. जैवतंत्रज्ञान विभागानं २०२१ मध्ये माहितीच्या देवाणघेवाणीचे नियम केले आणि २०२२ मध्ये फरिदाबादला जैविक माहिती साठवायचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. अमेरिकेच्या आरोग्य संस्थेनं जानेवारी २०२३ पासून फर्मान काढलं, की अनुदान हवं असेल तर माहिती कशी वाटणार ते अर्जातच सांगा. आशियातल्या जीवजातींच्या नोंदी खुल्या करण्यासाठी जपानच्या पर्यावरण खात्याच्या पैशातून निधी दिला जातो. एकंदरीत काय, जगभरच्या विद्वानांची मूठ उघडावी म्हणून जगभरची सरकारं त्या मुठीवर पैसे ठेवताहेत.

माझ्यासारख्या जुन्या माणसाला हे पचायला जड जातं. दानासाठी अनुदान! कर्णानं कवचकुंडलं देताना इंद्राकडे शस्त्रक्रियेच्या खर्चाचं अंदाजपत्रक मागितलं असतं, तर आपण आज त्याला दानशूर म्हटलं असतं का? हरिश्चंद्रानं राज्य सोडताना विश्वामित्रांना स्थलांतरभत्त्याचा फॉर्म भरायला लावला असता, तर त्याचं पुराण झालं नसतं, फाईल झाली असती. जो सद्गुण पैसे मिळाल्यावर सुरू होतो आणि पैसे संपले की थांबतो, त्याला सद्गुण म्हणावं की रोजंदारी? माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला तो हा. आणि असे प्रश्न एकदा उभे राहिले, की आमच्या घरच्या पाहुण्यांसारखे लवकर बसत नाहीत, आणि बसले की लवकर उठत नाहीत.

अशा वेळी मी नाणेघाटाची आठवण काढतो. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलं, की वैशाखऱ्याच्या पुढून घाटाची वाट वर चढते. ती जिथे संपते तिथे, जुन्नरच्या हद्दीवर, एक लेणं आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख त्याच्या भिंतींवर कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात काय आहे? यज्ञ कोणते केले आणि दक्षिणा काय काय दिली, त्याची यादी. इतक्या गाई, इतके घोडे, हत्ती, गावं, आणि कार्षापणं २४,४००. आकड्यांसकट! आपल्या देशातल्या अगदी जुन्या लिखित अंकांपैकी हे अंक आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात ते लावून दाखवले.

म्हणजे अनुदान किती दिलं, कोणाला दिलं, कशासाठी दिलं, हे सगळं हमरस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता यावं असं लिहून ठेवलेलं. परवलीचा शब्द नाही, 'आधी नोंदणी करा' नाही. आणि तिथून जवळच दगडाचा एक भलामोठा रांजण आहे. घाटाची जकात त्यात टाकत असत, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तेव्हा एकाच घाटमाथ्यावर भिंतही आहे आणि रांजणही. मला वाटतं, ज्ञानाच्या बाबतीत माणसांच्या जाती दोनच: काही भिंतीसारखी असतात, आपल्याला ठाऊक आहे ते अंगावर कोरून उभी राहतात, काही रांजणासारखी असतात, तोंड वर करून बसतात, आत काय आहे ते डोकावल्याशिवाय कळत नाही.

पण तिसरीही एक जात आहे, आणि तिची गोष्ट सांगायची तर आपल्याला मुरबाडहून शहापुराकडे, तानसाच्या रानात यावं लागेल.

पिंगळा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे पक्षी माहीत आहे आणि पहाटे कुडमुडं वाजवत येऊन भविष्य सांगणारा माणूसही माहीत आहे. पिंगळ्याची भाषा आपल्याला कळते आणि तो कानात सांगतो तेच आपण सांगतो, असा त्या माणसाचा दावा. माहितीचा स्रोत उघड करण्याचं इतकं प्रामाणिक उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही. तर या साध्या पिंगळ्याचा एक चुलतभाऊ आहे, रानपिंगळा. १८७३ मध्ये ह्यूम साहेबानं (हो, काँग्रेसवालेच ते) त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. नंतर खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन नावाच्या सनदी अधिकाऱ्यानं काही पक्षी मिळवले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी दिसेनासा झाला. जगातल्या साऱ्या संग्रहालयांत मिळून त्याचे पेंढा भरलेले जेमतेम सात नमुने. जगाचं भविष्य सांगणाऱ्याचा स्वतःचा पत्ताच हरवला.

नाही म्हणायला एक दुवा होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या इंग्रज गृहस्थाच्या संग्रहात एक नमुना होता आणि त्यावर चिठ्ठी होती: १९१४, मांडवी, गुजरात. म्हणजे पक्षी १८८४ नंतरही होता, आणि तापीकाठी मांडवीला होता! सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारखी माणसं १९७० च्या दशकात त्याच्या शोधात हिंडली. पक्षी सापडला नाही. नामशेष झाला असावा, असं पुष्कळांना वाटू लागलं.

पुढे पामेला रासमुसन या अमेरिकन बाईंनी या कर्नलसाहेबांचा संग्रह उकलायला घेतला, आणि उलगडलं ते अजब होतं. साहेबांनी तो पक्षी मारलाच नव्हता. लंडनच्या संग्रहालयातून डेव्हिडसनचाच जुना नमुना त्यांनी लांबवला, तो पुन्हा नव्यानं भरला आणि त्यावर स्वतःच्या हातची खोटी चिठ्ठी लावली. एकदा चोरी आणि वर एकदा थाप. मांडवीची नोंद खोटी म्हटल्यावर खऱ्या उरल्या त्या जुन्याच जागा. त्या जागा धरून रासमुसन आणि त्यांचे दोन सोबती नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात गेले. आणि तिथे भर सकाळी, उघड्या फांदीवर, तो पक्षी बसलेला. ११३ वर्षांनी. इतकी वर्षं तो कुठेही लपला नव्हता. लपवली होती ती चिठ्ठी.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यातला गुन्हेगार चोर आहे म्हणून नव्हे. चोरीनं लंडनचा एक नमुना कमी झाला असता, इतकंच. त्याच्या चिठ्ठीनं मात्र खऱ्याखुऱ्या माणसांचे खरेखुरे दिवस खाल्ले. डेव्हिडसनची चिठ्ठी इवलीशी, पण जागा नीट लिहिलेली. ती शंभर वर्षांनी उपयोगी पडली, आणि तीही त्यानं कधी न पाहिलेल्या माणसांना. माहिती वाटणं म्हणजे दुसरं काय असतं? जो अजून जन्माला आलेला नाही, त्याला पत्ता सांगणं.

आणि २०१४ मध्ये हा रानपिंगळा कुठे दिसावा? आमच्या तानसा अभयारण्यात! पक्षीनिरीक्षकांनी पाहिला, नोंद केली, छापली. शहापूर तालुक्याचं नाव पक्षीशास्त्रात गेलं आणि आमच्या छात्या फुगल्या, जणू आम्हीच त्याला खाऊपिऊ घालत होतो.

इथवर आल्यावर माझा निकाल झाला होता: माहिती ही वाटलीच पाहिजे, झाकेल तो माइनर्ट्‌झहागन. पण भाचा म्हणाला, "मामा, थांब. पिंगळ्याची नेमकी फांदी जाहीर केली तर काय होतं?" मी म्हटलं, काय होणार! तो म्हणाला, "कॅमेरे येतात." आणि मग मला कळलं. एखाद्या दुर्मीळ पक्ष्याचं घरटं कळलं की तोफेएवढ्या भिंगांचे कॅमेरे घेऊन माणसं येतात, फांद्या बाजूला करतात, आवाजाची ध्वनिमुद्रिका वाजवतात. पिलांना वाटतं आई आली. आईला वाटतं सवत आली. म्हणून पक्ष्यांच्या मोठमोठ्या खुल्या नोंदवह्यांतसुद्धा काही नाजूक जातींची नेमकी जागा झाकून ठेवायची रीत आहे. म्हणजे खुलेपणाचं धोरण चालवणारेच दाराला कडी लावतात, आणि योग्य करतात.

मग नाव सांगितलं की गुण जातो म्हणणारा तो वाडीवरचा म्हातारा तरी कुठे चुकला? १९९५ ची गोष्ट घ्या. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. हळद! ज्या देशात गुडघा फुटला की आई आधी हळद लावते आणि मग धपाटा घालते, त्या देशाला आता परवानगी काढावी लागली असती. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं लढा दिला, जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक छापील लेख पुरावा म्हणून पुढे केला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. रानपिंगळा सापडला तेच साल. गंमत पाहा: कागदावर लिहिलेलं, छापलेलं होतं म्हणून हळद सुटली. नुसत्या आज्यांच्या बोटांवर असती तर सुटली नसती.

त्यातून धडा घेऊन आपण २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा एक मोठा संगणकीय ग्रंथालय-साठा उभा केला. पण तो जगाला खुला केला नाही, वर्षानुवर्षं फक्त पेटंट कचेऱ्यांना करार करून दाखवला. चोराला घराचा नकाशा द्यायचा नाही, फौजदाराला मात्र द्यायचा. २०२२ मध्ये तो इतरांनाही टप्प्याटप्प्यानं पाहू द्यायचा निर्णय झाला. म्हणजे पंतप्रधानांपासून वाडीवरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना एकच पेच पडलेला आहे: सांगावं तर लुटतील, न सांगावं तर विसरतील.

हा 'विसरतील' भाग लहान नाही. त्या म्हाताऱ्याच्या मुलाला आता झाडपाला नको असतो. त्याला शहापूरच्या नाहीतर आसनगावच्या कारखान्यात बदली कामगार म्हणून लागायचं असतं, आणि त्यात त्याचं काही चूक नाही. गुण जाऊ नये म्हणून नाव राखलं, आणि म्हातारा गेला की नावासकट गुण गेला. प्रत्येक गावच्या ग्रामपंचायतीनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी, ही सोय २००२ च्या कायद्यातून झाली, ती याच काळजीपोटी. माधव गाडगीळांनी या कल्पनेचा किती वर्षं पाठपुरावा केला होता. राष्ट्रीय हरित लवादानं शेवटी ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि देशभर वह्या भराभर भरल्या. मुदत आली की वही कशी भरते, हे ज्यानं शाळेत विज्ञानाचं जर्नल परीक्षेच्या आदल्या रात्री लिहिलं आहे, त्याला मी सांगायला नको.

या सगळ्या वादात माझ्या मनाला हळूहळू एक गोष्ट पटत गेली. लपवलं की वाईट आणि वाटलं की चांगलं, इतका हा सोपा हिशेब नाही. विचारायला हवं ते एवढंच: लपवतोस ते कोणासाठी? पिंगळ्यासाठी लपवत असशील तर लपव. वाडीसाठी राखत असशील तर राख. पण दुसऱ्याचा निबंध आपल्या आधी छापून येऊ नये, बढतीच्या यादीत आपलं नाव वर राहावं, किंवा नुसती ती ऊब झिजू नये म्हणून कपाटाला कुलूप असेल, तर त्या कुलपाला शास्त्राचं नाव देऊ नये. लोणच्याचं द्यावं.

आणि दुसरा प्रश्न, वाटतोस ते कोणाला? याचं उत्तर शोधायला मला लांब जावं लागलं नाही. पावसाळ्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांत रोज सात तलावांची पातळी छापून येते. भातसा, तानसा, मोडकसागर, असे सगळे. किती दशलक्ष लिटर, किती टक्के, गेल्या वर्षी याच दिवशी किती. पारदर्शक कारभार म्हणतात तो असा. यातलं तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतं आहे, आणि मुंबईच्या निम्म्या तहानेच्या आसपास एकटं भातसा भागवतं. दोन्ही आमच्या शहापूर तालुक्यात. आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडे रांगेत ठेवून बसतात. पाणी मुंबईला आणि टक्केवारी सर्वांना! धरणात किती पाणी आहे ही माहिती आमच्या बायकांपासून कोणी लपवलेली नाही. ती धरणाच्या भिंतीशी जाऊन डोळ्यांनी बघता येते. माहिती खुली झाली म्हणजे न्याय झाला, असं ज्यांना वाटतं, त्यांनी एप्रिलमध्ये आमच्याकडे यावं. येताना पाण्याची बाटली आणावी.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांनी शाळेच्या आवारात १९७४ पासून पाऊस मोजला. रोज सकाळी साडेआठला, पर्जन्यमापकातलं पाणी नळीत ओतून, मिलिमीटरमध्ये. वहीत रकाने: तारीख, पाऊस, शेरा. शेऱ्यात काय नाही? 'भात लावणी सुरू.' 'ओढ्याला पूर, शाळेस सुट्टी.' 'पाऊस नाही, बेडूक ओरडतात.' १९८३ च्या पावसाळ्यात भातसाच्या परिसरात धरण भरत असताना भूकंपाचे धक्के बसत होते, त्या दिवसांत एका ओळीत 'रात्री भांडी वाजली' एवढंच. गुरुजींनी यासाठी कोणाकडून छदाम घेतला नाही. कोणी वही मागितली की चहा देऊन दाखवतात. "पाऊस काय माझ्या घरचा आहे?" म्हणतात. मी म्हटलं, बघा, हा खरा दानशूर. अनुदानाशिवाय दान करणारा. आणि भाच्याला मुद्दाम तिथे घेऊन गेलो, त्याला जरा लाज वाटावी म्हणून.

भाच्याला लाज वाटली नाही. त्यानं वह्या चाळल्या आणि विचारलं, "गुरुजी, ही १९८८ ची वही कुठे आहे?"

"वाळवी लागली."

"आणि इथे इंचात लिहिलंय की मिलिमीटरमध्ये?"

"त्या साली मी रजेवर होतो. लिहिणारा दुसरा होता. बहुधा इंच."

"बहुधा?"

गुरुजी गप्प झाले, मीही झालो. पन्नास वर्षांचा पाऊस, आणि अर्धा वाळवीनं प्यायलेला. या वह्यांची छायाचित्रं काढायची, इंचाचे मिलिमीटर करायचे, 'नेहमीचा ओढा' म्हणजे कुठला ओढा ते लिहायचं, चुका वेगळ्या दाखवायच्या, आणि हे सगळं तामिळनाडूतल्या नाहीतर तैवानमधल्या अनोळखी माणसाला समजेल असं मांडायचं, हे काम सहा महिन्यांचं आहे. ते औदार्याच्या बळावर होत नाही, कारण औदार्याला संध्याकाळी घरी भाजी न्यावी लागते. तिथे माझा जुना प्रश्न निकाली निघाला. दानाचं पुण्य पैशानं विकत मिळत नाही, हे खरंच. पण दान नेऊन पोचवायची हमाली द्यावी लागते. अनुदान आहे ते त्या हमालीचं. कर्णाला कवचकुंडलांचे पैसे देऊ नयेत, पण ती उचलून नेणाऱ्या भोयांनी मजुरी मागितली तर इंद्रानं नाक मुरडू नये.

आता उरला तो वाडीवरचा म्हातारा. अर्ज देण्याआधी भाचा त्याच्याकडे गेला. ज्यांची माहिती, त्यांची संमती घ्यावी, असं एक कलम अर्जात होतं. त्यानं समजावून सांगितलं: बाबा, तुम्ही सांगितलेलं मी जगाला सांगणार आहे, चालेल का? म्हाताऱ्यानं तंबाखू मळत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जगाला सांगशील. मला कधी सांगणार?"

"तुम्हाला काय सांगू? तुमचंच तर आहे."

"तू लिहिलंस काय, ते मला कुठे ठाऊक आहे? तीन पावसाळे लिहितोस. एकदा तरी वाचून दाखवलंस?"

भाच्यानं बसून वाचून दाखवलं. दुपार त्यात गेली. म्हाताऱ्यानं दोन ठिकाणी नावं दुरुस्त केली, एका ठिकाणी "हे मी नाही सांगितलं, ते त्या खालच्या वाडीवाल्यानं सांगितलं, आणि तो खोटं बोलतो" अशी शास्त्रीय टीका केली, आणि शेवटी तीन झाडांची नावं खोडायला लावली. बाकीची जाऊ देत म्हणाला. त्याच्या धाकट्या नातीनं वाचन ऐकलं. ती सातवीत आहे. तिला यातलं अर्धंअधिक पहिल्यांदाच कळत होतं. गुण गेला की नाही ठाऊक नाही. पण त्या दुपारी त्या घरातली माहिती त्याच घरात, एका पिढीवरून दुसरीकडे पोचली. आणि त्यासाठी कुठल्याही देशाच्या कुठल्याही खात्यानं अनुदान जाहीर केलेलं नव्हतं.

मला वाटतं, सारी मेख इथे आहे. माहिती ही मुळात उसनी आणलेली वस्तू आहे. कोणी सांगितली, कोणाच्या रानातून आणली, कोणाच्या पावसातून मोजली. उसनं आणलेलं जगाला वाटण्याआधी, ज्याच्या घरून आणलं त्याला दाखवून तरी यावं. आमच्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत करत नाहीत. चिमूटभर साखर घालून देतात.

भाच्याचा अर्ज मी तपासून दिला. शुद्धलेखनाच्या सतरा चुका काढल्या आणि एक सूचना केली. म्हटलं, "यात एक रकाना वाढव: 'ज्यांच्याकडून माहिती घेतली, त्यांना ती परत वाचून दाखवली काय? होय किंवा नाही.'"

"मामा, अर्ज छापील आहे. रकाना वाढवता येत नाही."

"मग शेऱ्यात लिही," मी म्हटलं. "खरी माहिती तिथेच असते."